मनीऑर्डर आली वीकएण्डला!

गुरुवारी ऑफिस सुटलं, घरी जाऊन सॅक उचलली आणि थेट दादर. मध्यरात्रीची तुतारी एक्स्प्रेस, सकाळी कुडाळ, तिथून एसटीने मालवण आणि पुढे रिक्षाने तारकर्ली. मोबाइल सायलेंटवर. बॉस, सोमवारी भेटू!

आम्ही चौघं एका घरगुती ‘निवास-न्याहारी’त उतरलो. दोन खोल्या, भोवती माड, पाच मिनिटांवर समुद्र. खोलीचे अठराशे ऐकल्यावर मी सवयीने घासाघीस सुरू केली. ‘काकी, पंधराशे करा ना!’ काकी हसल्या. ‘बरां, दोन राती ऱ्हवतलात तर सोळाशे दिया.’ मी मॅच जिंकल्यासारखा खूश.

दुपारी सुरमईचं ताट आणि सोलकढी (किती वाट्या ते विचारू नका). मासे दिराच्या होडीतले, कोकमं शेजारणीची, आम्हाला स्कूबाला नेणारा पोरगा काकींचा पुतण्या. त्याचे आजोबा रापण ओढायचे. हा पर्यटकांना पाण्याखालचे मासे दाखवतो.

रात्री ओट्यावर काकी बोलायला लागल्या. ‘माझे सासरे मुंबयक गिरणीत होते. म्हयन्याक मनीऑर्डर येय, त्याच्यार घर चालायचां. संप झालो नि ती बंद पडली. आता तुमीच आमची मनीऑर्डर!’

1982 चा तो संप मी फक्त पुस्तकात वाचलेला. सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला, 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावली, हेही माहीत होतं. पण त्याचा अर्थ त्या ओट्यावर कळला.

परतीच्या गाडीत हिशेब मांडला. चौघांचे दोन दिवसांचे साधारण अठरा हजार. रेल्वे आणि डिझेल सोडलं तर बहुतेक पैसा त्या चार-पाच घरांतच राहिला. गेल्या वर्षी एका बड्या रिसॉर्टचं पॅकेज घेतलं होतं. पैसे ऑनलाइन शहरातल्या कंपनीकडे, मॅनेजर बाहेरचा, चीजसुद्धा बाहेरचं. गावाच्या वाट्याला बहुधा झाडलोट आणि आमचा कचरा.

सगळं गोडगोड आहे असं नाही हं. काकींचीच तक्रार, ‘बरी सुरमय हॉटेलवाले उचलतत, आमका बांगडे.’ शिवाय पावसाळा. जून-जुलैत यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बोटी बंद, खोल्या रिकाम्या. मेमध्ये बसायला फुरसत नसते आणि जुलैत गिऱ्हाईक नसतं. वर्षाचं घर आठ महिन्यांत चालवायचं. आणि मी त्यातले दोनशे कापले होते, एका खोलीमागे, एका रात्रीचे!

निघताना खोल्यांचे पैसे अठराशेच्या हिशेबाने दिले. काकींनी मोजले, वरचे आठशे परत करायला लागल्या. घेतले नाहीत, तर सॅकमध्ये कोकमाची पिशवी कोंबली.

सोमवारी ऑफिसात फोटो बघून शेजारच्या टेबलवरचा म्हणाला, ‘कुठल्या अॅपवर आहे रे हे?’

अॅपवर नाहीये. नंबर लिहून घे. आणि जुलैत जा.