पथारी



मिरचीच्या हंगामात नंदुरबारला आलात तर गावाबाहेर जमिनीवर लाल गालिचे अंथरल्यासारखे दिसतात. ओली मिरची वाळत घालायच्या त्या जागेला इथे पथारी म्हणतात. कित्येक घरांतल्या बाया तिथे मजुरीला जातात, त्यामुळे हा शब्द मुलांच्या तोंडचा.

आठवड्यातून एकदा मी एका शाळेत पाचवीच्या मुलांना गोष्ट वाचून दाखवते. परवाच्या गोष्टीत एक वाटसरू झाडाखाली पथारी पसरतो. मी थांबून विचारलं, "काय केलं त्याने?" एक मुलगी म्हणाली, "मिरच्या वाळत घातल्या, बाई." कोणी हसलं नाही. सगळ्यांच्या मनात तेच होतं!

'पथारी म्हणजे अंथरूण' असं फळ्यावर लिहून देता आलं असतं. मुलीने ते वहीत उतरवलं असतं आणि आपला शब्द चुकीचा, असं मनाशी धरलं असतं. यातल्या बहुतेकांच्या घरी भिली, पावरी, अहिराणी नाहीतर गुजर बोली. आपली भाषा चुकीची, असं एकदा मुलाला वाटलं की ते विचारणं सोडतं, आणि हळूहळू पुस्तकही सोडतं. नर्मदाकाठच्या जीवनशाळांनी सुरुवातीचं शिक्षण मुलांच्या बोलीतून दिलं, ते याचसाठी.

मी पुढची दोन वाक्यं वाचली. वाटसरूने गाठोडं उशाला घेतलं, त्याचा डोळा लागला. "अंथरूण!" मुलं ओरडली. "मग मिरचीच्या जागेला पथारी का म्हणायचं?" मागचा एक मुलगा म्हणाला, "तिथंही पसरतातच ना!"

अगदी बरोबर. आमच्या घरच्या गुजरातीतही पथारी म्हणजे अंथरूण. साधु-साध्वी झोपताना जो संथारा पसरतात, तो शब्दही याच कुळातला. दोन्हींच्या मुळाशी संस्कृतचा 'स्तृ', म्हणजे पसरणे.

उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात श्रुतज्ञानाच्या आधी मतिज्ञान सांगितलं आहे. आधी इंद्रियांनी आणि मनाने जाणणं, मग शब्दातून कळणं. त्या मुलीने पथारी डोळ्यांनी पाहिली होती, नाकाने हुंगली होती. पुस्तकातला अर्थ तिला त्याच ओळखीवर बसवता आला.

म्हणून एका वाचनात मी चार-पाचच शब्दांवर थांबते. आधी मुलांचा अंदाज, मग पुढची वाक्यं, शेवटी फळा. पुढच्या आठवड्यात तेच शब्द मुलांच्या स्वतःच्या वाक्यांत ऐकते.

कार्तिक शुद्ध पंचमीला, ज्ञानपंचमीला, आपण पुस्तकं पाटावर मांडून वासक्षेप वाहतो. यंदा पूजा झाली की त्यातलं एखादं पुस्तक उचला आणि घरातल्या, शेजारच्या, कामाला येणाऱ्या ताईंच्या मुलांना जवळ बसवून मोठ्याने वाचा. अडलेल्या शब्दाचा अर्थ मात्र लगेच सांगू नका. आधी त्यांना विचारा.