पूर्ण म्हणजे किती पूर्ण?

कोल्हापुरात मिसळ चांगली नसते, 'एक नंबर' असते. अशा एक नंबर मिसळी गावात डझनभर तरी निघतील. त्यातल्या कुठल्याही एकीचा पाठीराखा गाठा. तो सांगेल, बाकीच्या पण एक नंबरच आहेत, पण आमची 'लई एक नंबर'! एकाच्या वर आणखी कुठला एक असतो, असं विचारायचं नसतं. वाक्य सगळ्यांना कळतं आणि कट मागवला जातो.

मला मात्र अशा वाक्यांपाशी थांबावं लागतं, कारण पोट त्यावर चालतं. राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना इंग्रजी व्याकरण शिकवते. दर बॅचला एक नियम येतो. परफेक्ट, युनिक, फुल, डेड या विशेषणांना 'मोर' किंवा 'मोस्ट' लावायचं नाही. कारण सोपं आहे. भांडं भरलेलं असतं किंवा नसतं, माणूस मेलेला असतो किंवा नसतो. जिथं दोनच अवस्था, तिथं कमीजास्त कुठून येणार?

आणि दर बॅचला मागच्या बाकावरून कुणीतरी हात वर करतं. "मॅडम, अमेरिकेच्या राज्यघटनेतच 'मोर परफेक्ट युनियन' आहे की!" आहेच. १७८७ साली लिहिलेल्या उद्देशिकेत, अगदी सुरुवातीला. मग ती घटना लिहिणारे नापास का?

उत्तर इंग्रजीत शोधण्याआधी मी मुलांना आपल्याच भाषेत डोकवायला सांगते. मरणाला पायऱ्या नसतात म्हणता, तर 'अर्धमेला' हा शब्द आपल्याकडं कशाला आला? 'कोरा' म्हणजे कोराच, तरी 'कोराकरकरीत' का म्हणायचं? आता ओलं आणि कोरडं घ्या. सदऱ्यावर चार थेंब पडले तरी सदरा ओला झाला. पण कोरडा म्हणायचा तर एकही थेंब चालत नाही. ओलेपणा पहिल्या थेंबाला सुरू होतो आणि 'ओलाचिंब'पर्यंत वाढत जातो. कोरडेपणा हे मात्र शेवटचं स्टेशन आहे.

ख्रिस्तोफर केनेडी आणि लुईस मॅकनॅली या भाषाशास्त्रज्ञांनी २००५ साली विशेषणांची अशीच मांडणी केली. काही विशेषणांच्या मोजपट्टीला टोक असतं, काहींच्या नसतं. ओळखायची एक सोपी युक्ती आहे. शब्दाच्या आधी 'जवळजवळ' लावून बघा. 'टाकी जवळजवळ भरली' हे कानाला बरोबर वाटतं. 'तो जवळजवळ उंच आहे' हे खटकतं. उंचीची पट्टी कुठं संपते ते कुणालाच माहीत नाही, मग जवळ कशाच्या जायचं? भरण्याची पट्टी संपते. म्हणजे 'पूर्ण', 'शुद्ध', 'परफेक्ट' या शब्दांनाही पट्टी आहेच, फक्त तिच्या टोकाला एक रेष आखलेली आहे. 'जास्त पूर्ण' म्हणताना आपण रेषेच्या पलीकडं जात नाही, रेषेच्या किती जवळ आहोत ते सांगतो.

हे पटत नसेल तर गुजरीत चक्कर मारा. 'शुद्ध' हा शब्द तिथं आकड्यांत मोजला जातो. दागिन्यावर ९१६ असेल तर २२ कॅरेट, म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं. वेढण्यावर ९९९ असतं. दोन्ही शुद्धच, पण एक दुसऱ्यापेक्षा जास्त शुद्ध, आणि दामही त्याच हिशेबानं. सराफाला व्याकरणाचा नियम सांगितला तर तो चहा पाजून वाटेला लावेल.

पावसाळ्यात तर अख्खा जिल्हा हीच भाषा बोलतो. राधानगरी सत्तर टक्के, राधानगरी नव्वद टक्के, आणि मग एक दिवस 'राधानगरी शंभर टक्के भरलं'. राजर्षी शाहूंनी भोगावतीवर उभारायला घेतलेल्या या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला गेलं की ते आपोआप उघडतात. 'पूर्ण' म्हणजे काय, हे तिथं माणसानं आधीच ठरवून ठेवलंय. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. नदीला या रेषा दिसत नाहीत. त्या आपण आखल्यात, आपल्यासाठी.

कधीकधी रेष पुसूनही जाते. संस्कृतात 'कनिष्ठ' म्हणजे सगळ्यांत लहान. आज एका कचेरीत सहा कनिष्ठ लिपिक बसतात आणि त्यांतला सगळ्यांत लहान कोण, असं कुणी विचारत नाही. 'श्रेष्ठ' म्हणजेच सर्वांत उत्तम, तरी आपण 'सर्वश्रेष्ठ' म्हणतो, आणि तेही पुरत नाही तेव्हा 'श्रेष्ठतम'. टोक बोथट झालं की भाषा नवं टोक काढते. 'लई एक नंबर' त्याच कारखान्यातला माल.

इथवर सगळी गंमत आहे. पण हे शब्द कागदावर चढतात, तेव्हा त्यांना वजन येतं.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात चिखलीत माझ्या आत्याच्या घरात पाणी शिरलं. ते ओसरल्यावर पंचनामा झाला. घराच्या नुकसानीचे रकाने ठरलेले असतात, 'पूर्णतः' आणि 'अंशतः'. भिंती उभ्या होत्या, छप्पर जाग्यावर होतं. नोंद 'अंशतः' झाली. आत घुडघाभर गाळ, भिजून फुगलेलं धान्य, कपाट, गाद्या, दप्तरं. आत्या म्हणाली, "भिंती हाईत म्हणं. भिंतीत काय शिजवू?"

नोंद करणारा माणूस खोटं लिहीत नव्हता. तो बांधकाम मोजत होता, आत्या संसार मोजत होती. दोघांची रेष वेगळ्या ठिकाणी होती, आणि मदतीची रक्कम त्याच्या रेषेवर ठरणार होती.

म्हणून हल्ली तो नियम शिकवून झाला की मी फळ्यावर दोन प्रश्न लिहिते. कशाचं पूर्ण? आणि रेष कुणी आखली? हे पेपरात येत नाही. पण यांतली बरीच मुलं उद्या सरकारी नोकरीत जातील. कुणी तलाठी होईल, कुणी ग्रामसेवक, आणि रकान्यासमोर पेन धरून उभं राहील.

आत्यानं अपील वगैरे काही केलं नाही. गाळ उपसला, चूल मांडली. शेजारचं मातीचं घर सपाट झालं होतं. त्या बाईला आपल्याकडं जेवायला बोलावताना ती मला म्हणाली, "आपलं पूर्ण गेलं गं, पर तिचं आपल्यापेक्षा जास्त पूर्ण गेलं."

परीक्षेत या वाक्याला शून्य मार्क आहेत. मला त्यात एक शब्दही बदलावासा वाटत नाही.