कल्पित जगांतले वार

गेल्या मे महिन्याच्या सुटींत माझ्या नऊ वर्षांच्या भाचीसाठीं एक लांबलचक गोष्ट लिहावयास घेतली. गोष्टींतल्या देशाला दोन चंद्र होते, आणि संध्याकाळ झाली कीं तेथल्या नद्या उलट वाहूं लागत. 'सोमवारीं पहाटे राजपुत्र निघाला' हें वाक्य वाचून दाखवितांच ती म्हणाली, "मामा, दोघांतल्या कुठल्या चंद्राचा सोमवार?"

मी हसलों खरा, पण लेखणी तेथेंच अडली. नद्या उलट्या फिरवितांना माझा हात कचरला नव्हता. वाराच्या एका नांवानें मात्र सगळा देश खोटा पडला. आपले वार म्हणजे आपलें आकाश. शनि, गुरु, मंगळ, रवि, शुक्र, बुध, चंद्र असा मंद ग्रहापासून शीघ्र ग्रहापर्यंत क्रम लावावा आणि अहोरात्राची एकेक होरा एकेकास वांटून द्यावी. चोविसांना सातांनीं भागलें कीं बाकी तीन उरते. म्हणून आजच्या ग्रहापासून तीन पावलें पुढें गेलें कीं उद्यांचा वार सांपडतो. शनीनंतर रवि, रवीनंतर चंद्र. तिथि-नक्षत्रांच्या मानानें हे वार आपल्याकडे बरेच उशिरा आले. एरणच्या स्तंभावर इ. स. ४८४ मधला गुरुवार कोरलेला आहे. भारतांतील वारांच्या अगदीं जुन्या उल्लेखांपैकीं तो एक.

मंगळ-शनि ज्या देशांतून दिसतच नाहींत तेथें काय करावें? पहिला, दुसरा, तिसरा असे आकडे घालणें सोपें. फ्रेंच राज्यक्रांतिकारकांनीं १७९३ मध्यें दहा दिवसांचा आठवडा करून तसेंच केलें. १८०६ उजाडतांच तें पंचांग रद्द झालें. दोष आकड्यांचा नसावा, कारण पोर्तुगीज लोक सोमवारास शतकानुशतकें 'दुसरा'च म्हणत आले आहेत. पण दहा दिवसांनीं येणारी सुटी कोणास आवडणार!

या बाबतींत मला गुरु भेटला तो टोल्किन. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या १९५५ सालीं निघालेल्या तिसऱ्या भागाच्या परिशिष्टांत त्यानें हॉबिट लोकांचे वार दिले आहेत: तारे, सूर्य, चंद्र, वृक्ष, आकाश, समुद्र आणि देवता. एल्फ लोकांचा आठवडा सहाच दिवसांचा. समुद्राचा वार त्यांत मिळविला तो न्यूमेनोरच्या दर्यावर्दी माणसांनीं. त्यांच्या वंशजांकडून तो हॉबिटांकडे आला. हॉबिट समुद्रास भितात, बहुतेकांनीं तो पाहिलेलाहि नाहीं. तरी आठवड्यांतून एकदां त्याचें नांव घेतात, आणि त्या नांवाचा अर्थ केव्हांच विसरले आहेत. शब्दहि बोलून बोलून झिजले आहेत. मला या झिजेचें फार कौतुक वाटतें. नांव घडविणें कोणासहि जमेल. तें हजार वर्षें लोकांच्या तोंडीं आहे असें भासविणें कठीण.

आमच्या घरांत असे झिजलेले वार माझ्या आईच्या तोंडीं होते. ती रविवारास ऐतवार म्हणे आणि बृहस्पतिवारास बेस्तरवार. बृहस्पति कोण हें तिला पक्कें ठाऊक होतें, पण बेस्तरवारीं तो तिला आठवत नसे. आठवे तो बाजार. ती गेली त्याला तीन वर्षें झालीं. तेव्हांपासून तो शब्द घरांत कोणी उच्चारीत नाहीं. मीहि गुरुवारच म्हणतों.

दोन चंद्र ज्या दिवशीं जवळ येतात त्यास मीं 'भेटवार' असें नांव दिलें. भाचीला तें पसंत पडलें नाहीं. "फार नवं कोरं वाटतं," असें म्हणून ती झोपाळ्यावर जाऊन बसली आणि झोक्याबरोबर भरभर म्हणूं लागली: भेटवार, भेटवार, भेटार, भेटर. मग पाय टेकून थांबली.

"आजीच्या बेस्तरवारासारखं झालं बघ."

राजपुत्र भेटरच्या पहाटे निघाला. उरलेले सहा वार अजून व्हावयाचे आहेत. भाचीची शाळा सुरू झाली आहे.