मागण्याचा सराव

बैहरचं पाणी बालाघाटला जात नाही. जिल्हा एकच, कचेरीचे कागद तिकडेच जातात, पण पावसाला जिल्हा ठाऊक नाही. बालाघाटला पडलेला पाऊस वैनगंगेत जातो, पुढे प्राणहिता, गोदावरी आणि पार बंगालच्या उपसागरात. घाट चढून वर, मैकलच्या या पठारावर पडलेला पाऊस बंजर नदी गोळा करते, मंडल्याजवळ नर्मदेच्या हवाली करते आणि तो पश्चिमेला खंबातच्या आखाताकडे निघतो. माझ्या कौलांवरच्या पागोळ्या अशा दरसाल भरूचपर्यंत जाऊन येतात असं मी वर्गात मुलांना सांगायचो. ‘जाऊन येतात’ हे शास्त्राला धरून होतं, कारण ढग होऊन परतणं त्यात आलंच. मुलं मात्र हसायची.

आता निवृत्तीनंतर त्याच वाटेनं आपण जायचं, असं ठरवलंय. परिक्रमा. भादवा उतरलाय, पितरपाख संपत आलाय, कांस पांढरा झालाय आणि घरात रोज एका वस्तूवरून वाद होतो.

आमच्याकडे अश्विनातलं चालणं नवीन नाही. बालाघाट, गोंदिया, राजनांदगाव या पट्ट्यातली माणसं नवरात्रात डोंगरगडच्या बमलेश्वरीला पायी जातात. वाटेत मांडव, चहा, मलमपट्टी, भजनं असतात. ते चालणं काही दिवसांचं, आणि सोबत गर्दीची. नर्मदेचं प्रकरण वेगळं आहे. नदीची लांबी 1312 किलोमीटर. दोन्ही काठ धरले तर साडेसव्वीसशेच्या आसपास, आणि धरणांच्या पाण्यामुळे पडलेले वळसे मोजले तर तीन हजारांच्या पुढे. जुन्या नेमाप्रमाणे तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस. चातुर्मासात चालायचं नाही, जिथे असाल तिथे थांबायचं. हल्ली बहुतेक लोक एकाच हंगामात, पाचसहा महिन्यांत, फेरी पुरी करतात. मीही त्याच हंगामातला. तीन वर्षं घराबाहेर राहण्याइतका विरक्त मी नाही, आणि आमच्या सौ. तर मुळीच नाहीत.

निघायचं कधी, हाच पहिला वाद. ओंकारेश्वरहून मोठी गर्दी निघते ती देवउठनी एकादशीच्या सुमारास, चातुर्मास संपल्यावर. महाराष्ट्रातले लोक बहुधा तिथूनच उचलतात. काही जण दसऱ्यालाच पाऊल टाकतात. दिग्विजय सिंह 2017 साली दसऱ्याच्या दिवशी बरमान घाटावरून निघाले होते आणि पुढच्या एप्रिलमध्ये तिथेच पोचले. आमच्या आळीतल्या काकाजींचं म्हणणं तिसरंच. त्यांनी तरुणपणी परिक्रमा केली आहे, धानाची शेती आहे, आणि त्यांच्या मते मुहूर्त पंचांगात नसतो, खळ्यात असतो.

“धान घरात आल्याबिगर कोन जाईल जी? तुमचं बरं हाये गुरुजी, पेन्शन कापाव लागत नाही अन् मळाव लागत नाही.”

बोलणं लागलं, पण खरं होतं. आत्ता बैहरच्या आसपास हलका धान पिवळा पडू लागलाय, भारी धान अजून लोंबीवर आहे, कोदो-कुटकी कापणीला येतेय. चिन्नोर तर सगळ्यात उशिरा. त्याच्या बांधावरून गेलं की शिजल्या भाताआधीच भाताचा वास येतो. 2021 मध्ये बालाघाटच्या चिन्नोरला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेपरात मोठी बातमी होती. काकाजींनी ती वाचून घडी घालून ठेवली आणि त्या वर्षीही कापणी झाल्यावरच तीर्थाला गेले. अश्विनात निघू शकतो तो पेन्शनर, बैरागी किंवा शहरातला. म्हणून मी कोजागिरीनंतरची तारीख धरली आहे, थोडा ओशाळून.

दुसरा वाद सामानाचा. परिक्रमेला काय न्यावं याच्या याद्या आता सगळ्यांच्या फोनवर फिरतात. दोन पांढरे कपडे, कांबळं, सतरंजी, पातेलं, ताटली, विजेरी, काडेपेटी, मीठ-हळद, दंड, कमंडलू. आधारच्या झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो, कारण परिक्रमावासी असल्याचा दाखला काढावा लागतो. एक वही, जिच्यात ठिकठिकाणचे आश्रम आणि ग्रामपंचायती शिक्के मारून देतात. आणि सगळ्यात महत्त्वाची ती लहानशी कुपी: निघताना नर्मदेचं पाणी तिच्यात भरायचं, रोज सकाळ-संध्याकाळ तिची पूजा करायची, समुद्राशी आणि अमरकंटकला त्यातलं थोडं ओतून तिथलं थोडं घ्यायचं आणि शेवटी ओंकारेश्वरला महादेवावर चढवायचं. आमच्या घरात कुपीपेक्षा औषधांची पिशवी मोठी झाली आहे. रक्तदाबाची गोळी, आवळ्याची सुपारी, टाचांना लावायचं मलम, त्या मलमानं फोड आले तर दुसरं मलम.

बुटांवर मी एक अख्खा रविवार घालवला. जुने लोक अनवाणी चालत. आता बहुतेकांच्या पायात कॅनव्हास किंवा पट्ट्यांच्या चपला असतात. मी कॅनव्हास घेतले आणि रोज पहाटे मलाजखंडच्या रस्त्यानं चालायला लागलो. तांब्याच्या खाणीकडे जाणारे ट्रक अंगावर धूळ उडवत जातात. त्यांतला एक ड्रायव्हर एके दिवशी थांबला आणि “बसा गुरुजी, सोडतो” म्हणाला. त्याला मी नुसताच चालतोय हे पटेना. कुठेही पोचायचं नाही आणि तरी चालायचं, हे आमच्याकडे अजून आजारातच मोडतं.

तर पाय तयार होताहेत. पाठही होईल. अडतंय दुसरीकडेच.

परिक्रमेचे नियम वरवर पाहिले तर चालण्याचे वाटतात. नर्मदा उजव्या हाताला ठेवायची. तिचं पात्र कुठेही ओलांडायचं नाही. उपनद्या ओलांडल्या तर चालतात. मी महाराजपूरला, बंजरच्या संगमाच्या जरा खालून, दक्षिण काठावरून संकल्प घेणार. पश्चिमेला तोंड केलं की नदी आपोआप उजवीकडे येते. मग बरगीच्या जलाशयाला वळसा, नर्मदापुरम, ओंकारेश्वर. पुढे शूलपाणीची झाडी. आता सरदार सरोवराखाली जुनी वाट बुडाल्यामुळे लोक शहादा-प्रकाशाकडून फिरून जातात. म्हणजे नर्मदेची वाट शोधताना माणूस तापीच्या काठी जाऊन उभा राहतो. मग कटपोर, तिथून नावेनं समुद्रातून मिठी तलाई, आणि उत्तर काठानं वर चढत थेट अमरकंटक. तिथे उगमाला वळसा घालून पुन्हा दक्षिण काठ. देवगावला बुढनेर ओलांडायची, आणि घरी पोचण्याआधी ओलांडायची शेवटची मोठी नदी म्हणजे आपली बंजर. नकाशावर हे मी पेन्सिलीनं काढून सौ.ना दाखवलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “जबलपूर कुठल्या काठावर?”

उत्तर काठावर. आमची लेक तिथे राहते. निघाल्यावर थोड्याच दिवसांत मी जबलपूरच्या समोर, पलीकडच्या काठावर असेन; ग्वारीघाटाचे दिवे दिसतील, आरतीची घंटा ऐकू येईल, आणि लेकीच्या घरी जेवायला जाता येणार नाही. पूल आहे, पण तो माझ्यासाठी नसेल. उत्तर काठानं परतताना जाता येईल, म्हणजे कितीतरी महिन्यांनी. नातवाला हे फोनवर समजावून सांगितलं तर तो म्हणाला, “आजोबा, पोहून या की.” पोहूनही चालत नाही. शेवटी लेकीनं तोड काढली: ग्वारीघाटावरून पलीकडच्या गुरुद्वाऱ्याला नावा जातात, तीच इकडे येईल डबा घेऊन. डबा चालतो का, यावर आता घरात मतभेद आहेत. मला विचाराल तर चालतो. कुणी आणून दिलेलं नाकारायचं नाही, हाही नियमच.

आणि खरी अडचण इथेच आहे. परिक्रमावासी स्वतःचं खात नाही. त्याच्याजवळ पैसे असू नयेत, असलेच तर अगदी नावापुरते. कुणी शिधा देईल तो शिजवायचा. त्याला तिकडे सदावर्त म्हणतात. अहिल्याबाईंच्या काळात घाट, धर्मशाळा, अन्नछत्रं उभी राहिली आणि त्यांचं पुण्य अजून काठावर शिजतं. जिथे सदावर्त नाही तिथे दारात उभं राहून ‘नर्मदे हर’ म्हणायचं. बस, तेवढंच. काही जण पाच घरांचा नेम पाळतात. पाच घरी मिळालं नाही तर त्या दिवशी पाणी पिऊन झोपायचं.

हे मला येत नाही. माझ्या पिढीच्या मास्तराला काहीही मागताना घशात काटा अडकतो. आयुष्यभर दिलं (म्हणजे पाठ, मार, मार्क), घेतलं ते पगार म्हणून, सही करून. माधुकरी मागून शिकलेली माणसं महाराष्ट्रात एके काळी पुष्कळ होती. त्यांच्या आठवणी वाचताना मला नेहमी वाटायचं की ही माणसं अपमान गिळून मोठी झाली. आता वाटतं, त्यांना काहीतरी येत होतं जे मला येत नाही. परिक्रमेवरचं मराठी वाङ्मय मोठं आहे. जगन्नाथ कुंट्यांचं ‘नर्मदेऽऽ हर हर’ घराघरात गेलं. भारती ठाकूर परिक्रमा करून आल्या आणि नंतर खरगोन जिल्ह्यात लेप्याला मुलांसाठी शाळा घेऊन बसल्या. पुस्तकं वाचून लोक चमत्काराबद्दल बोलतात. मला त्यांत चमत्कारापेक्षा ती अनोळखी दारंच दिसत राहतात: रोज एक नवं दार आणि त्याबाहेर आपण.

सौ.चा कल अमृतलाल वेगडांकडे आहे. जबलपूरचे हे चित्रकार-लेखक, शांतिनिकेतनात नंदलाल बोसांकडे शिकलेले. 1977 पासून त्यांनी परिक्रमा तुकड्यातुकड्यांनी केली. थोडं चालायचं, घरी यायचं, चित्रं काढायची, लिहायचं, पुन्हा पुढच्या वर्षी तिथून पुढे. पुढे पत्नीलाही बरोबर नेलं. “असं का नाही करत?” सौ. म्हणतात, आणि ‘पत्नीलाही बरोबर नेलं’ हे वाक्य जरा जोरात म्हणतात. उत्तर माझ्याकडे नाही. वेगडांची नदी माझ्या नदीपेक्षा सुंदर असणार, कारण त्यांना ती बघायला सवड होती.

तर मागण्याचा सराव करावा असं ठरवलं. बैहरात शक्य नाही. इथे कुठल्याही दारात उभा राहिलो तर आधी खुर्ची येते, मग चहा, मग कुणाच्या तरी मुलाची मार्कशीट. म्हणून गढीच्या पुढे, जिथे मला कुणी ओळखत नाही अशा समजुतीनं, एका सकाळी बसनं उतरलो. रस्त्यापासून आत बैगांची वस्ती. उन्हं वर आली होती, पोटात काही नव्हतं, मुद्दामच. पहिल्या अंगणाशी थांबलो आणि तोंडातून शब्द फुटेना. ‘नर्मदे हर’ हे दोन शब्द मी पन्नासदा घोकले होते. अंगणात एक म्हातारी कुटकी पाखडत होती. तिनं वर पाहिलं, सूप खाली ठेवलं आणि आतून गडवाभर पेज आणून माझ्यासमोर ठेवली. काही विचारलं नाही. मी म्हणालो, “माई, मी मागितलं नाही अजून.” ती म्हणाली, “भूक लगी है ना?” आणि परत पाखडायला बसली. पेज आंबटसर होती, मीठ नव्हतं. मी ती सगळी प्यायलो. निघताना आतून एक तरुण बाहेर आला, डोळे चोळत, आणि म्हणाला, “अरे, गुरुजी! आप यहाँ?” आठवीत दोनदा नापास केलेला. त्यानं मला मोटारसायकलवरून रस्त्यापर्यंत सोडलं. सराव झाला की नाही, हे माझं अजून ठरत नाही. काकाजी म्हणाले, “झाला का नाही ते ती म्हातारी सांगन, तुम्ही काय सांगता.”

वाट ठरली आहे. नदीकाठ धरूनच मंडल्याला जावं असं मनात होतं, पण मुक्कीशी कान्हाच्या जंगलाची हद्द आडवी येते आणि वाघाला संकल्प सांगता येत नाही. 1 ऑक्टोबरला मुक्कीचं दार उघडलं, जिप्सी धावू लागल्या. जंगलात जाता येतं ते त्यांत बसून, पायी नाही. तेव्हा गढी, मोतीनाला, बिछिया, अंजनिया असं रस्त्यानं, उजाडल्यावर निघून दिवस मावळायच्या आत थांबायचं. वनखात्यातला माझा एक जुना विद्यार्थी म्हणाला, पहाटेचं नकाच निघू, त्या वेळी रस्ता त्यांचा असतो. शास्त्रार्थानं बैहर ते महाराजपूर हे चालणं परिक्रमेत धरत नाहीत. बसनं गेलो तरी पुण्यात तूट नाही, असं काकाजींनी खात्रीनं सांगितलं. तरी मी चालत जाणार. बंजरचं पाणी ज्या उतारानं गेलं तो उतार पायांना कळावा, एवढंच माझं म्हणणं, आणि ते कुणाला पटवून देण्याच्या भानगडीत मी पडत नाही.

पहिल्या दिवशीचा मुक्काम ठरलाय. जेवणाचं काही ठरवायचं नाही, असं ठरलंय. सौ.नी ते ऐकून घेतलं, मान हलवली आणि दशम्यांसाठी दूध किती घ्यावं लागेल ते दूधवाल्याला विचारायला गेल्या.