चालता चालता बोला

"थांब, उभी राहून सांगते." वय झालेल्या माणसासोबत रस्त्याने जाताना हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलं असेल. गप्पा चालू असतात, मध्येच आपण काहीतरी आठवून सांगावं लागेल असा प्रश्न विचारतो आणि शेजारची पावलं थांबतात. सांगून झालं की पुन्हा चालायला लागतात. घरच्यांना वाटतं, आजींना रंगवून सांगायची हौस आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे, वयस्कर माणसांचा तोल हा माझा रोजचा विषय आहे, आणि मला त्या थांबण्यात पुढे येऊ घातलेल्या धोक्याची खूण दिसते.

या खुणेची पहिली नीट नोंद स्वीडनमधल्या उमेओ इथे झाली. लुंडिन-ओल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धनिवासातल्या ५८ जणांसोबत चालता चालता सहज बोलायला सुरुवात केली आणि कोण थांबतं एवढंच टिपलं. १२ जण थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्या १२ जणांपैकी १० जण पडले. १९९७ साली 'लॅन्सेट'मध्ये ही जेमतेम पानभर मजकुराची टिपणी आली. ना यंत्र, ना तपासणीचा खर्च. अभ्यास लहान होता, पण पडण्याचा संबंध गुडघ्याइतकाच लक्षाशीही असतो, हे त्याने ठसठशीत दाखवून दिलं.

तरुणपणी चालणं जवळजवळ आपोआप होतं. पावलांचा ठेका मज्जारज्जूतली चेतापेशींची जाळी धरते, लहान मेंदू आणि मेंदूच्या गाभ्यातली काही केंद्रं तो सावरतात, आणि कपाळामागचा मेंदू बाकीच्या विचारांना मोकळा राहतो. वय वाढतं तशी तळपायांना जमीन पूर्वीसारखी कळत नाही, नजर मंदावते, कानाच्या आतलं तोल राखणारं इंद्रिय थकतं, मांड्यांतली ताकद उतरते. मग चालण्यावर लक्ष ठेवायचं काम कपाळामागच्या मेंदूकडे येतं. आठवणं, हिशोब करणं, दोन गोष्टींतली एक निवडणं ही कामंही त्याच्याकडेच असतात. पगार तोच राहिला आणि घरभाडं वाढलं, तर बाकीच्या खर्चात हात आखडावा लागतो, तसंच हे होतं. एरवी ते कळत नाही. रस्ता ओलांडताना फोन वाजला, रिक्षावाल्याने सुटे मागितले, मागून नातवाने हाक मारली, की कळतं.

म्हणून शांत खोलीत घेतलेल्या एकट्या परीक्षेवर मी विसंबत नाही. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, ही आमची नेहमीची चाचणी. ती मी दोनदा घेते. दुसऱ्या खेपेला चालताना शंभरातून तीन-तीन वजा करत मोठ्याने म्हणायला सांगते. पहिल्या वेळी १० सेकंद आणि दुसऱ्या वेळी १३ लागले, तर दुसऱ्या कामाची किंमत ३० टक्के. पण सेकंदांपेक्षा मी वळण बघते. सरळ चालताना "सत्त्याण्णव, चौऱ्याण्णव, एक्क्याण्णव" छान चाललेलं असतं. वळायच्या जागी आकडा तोंडात अडकतो, एरवी सहज व्हायचं वळण पाच-सहा तुटक पावलांत होतं, हात शरीराला चिकटतात. कधी उलट होतं: आकडा बरोबर येतो आणि पाऊल तिरकं पडतं. मला या दुसऱ्या माणसाची जास्त काळजी वाटते. आकडा चुकला तर काही बिघडत नाही. पण विचारलं की उत्तर आलंच पाहिजे, ही शाळेत आणि नोकरीत मुरलेली शिस्त काहींच्या अंगात इतकी भिनलेली असते की तोल जात असतानाही ते उत्तर सोडत नाहीत.

दुसरं काम कोणतं द्यायचं, यात खरं कसब आहे, आणि परदेशी पुस्तकातली यादी इथे जशीच्या तशी चालत नाही. जुन्या शाळेत शिकलेल्या आजोबांना चालताना पाढे म्हणायला सांगा. दीडकी, अडीचकी घडाघडा म्हणतील आणि चालीत तसूभर फरक पडणार नाही. ते पाठांतर आहे, लक्ष मागत नाही. तोच तिसाचा पाढा उलटा म्हणायला सांगा, पाऊल लगेच जड होतं. बँकेत कॅशियर असलेल्या काकांना वजाबाकी म्हणजे पोरखेळ. त्यांना 'क'पासून सुरू होणाऱ्या भाज्या विचारायच्या. आणि आकड्यांनी घाबरणाऱ्या एखाद्या मावशींना विचारायचं, "पुरणपोळी ताटात पडली, इथून मागे मागे येत डाळ भिजवेपर्यंत सांगा." मावशी चालता चालता तव्यावरून लाटण्याकडे, लाटण्यावरून उंड्याकडे येतात, आणि पुरण वाटायच्या आधी की नंतर गूळ घातला यावर पाऊल रेंगाळतं. माझं काम तिथेच सुरू होतं. त्या जागी मी त्यांना थांबू देत नाही. हात त्यांच्या कमरेच्या पट्ट्याला असतो, म्हणते, "पुरण राहू द्या, आधी पाऊल टाका. हं, आता सांगा."

या "आधी हे, आता ते" मध्येच सगळं शिक्षण आहे. दोन्ही कामांना सारखंच लक्ष देत राहणं हे ध्येय नव्हेच. कधी पावलाला झुकतं माप द्यायचं, कधी बोलण्याला, आणि हा बदल झटकन करता यावा, हे शिकायचं असतं. अमेरिकेत सिल्सुपादोल, शमवे-कुक आणि वूलकॉट यांनी तोल कमी झालेल्या २३ वयस्करांचे तीन गट केले. एका गटाने नुसते तोलाचे व्यायाम केले, दुसऱ्याने तेच व्यायाम डोक्याच्या कामासह, दोन्हींकडे सारखं लक्ष देत केले, तिसऱ्याला दर वेळी लक्ष कुठे द्यायचं ते बदलून सांगितलं. आठवड्याला तीनदा, ४५ मिनिटं, चार आठवडे. २००९ साली त्यांनी निष्कर्ष मांडले. नुसतं चालणं तिन्ही गटांचं सुधारलं. पण डोक्याने काम करत असतानाचं चालणं फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाचं सुधारलं, आणि व्यायाम संपून १२ आठवडे झाल्यावरही ते टिकलं ते तिसऱ्या गटात. गट लहान, तरी रोजच्या कामात मला हेच दिसतं.

इथे घरच्यांशी माझा वाद होतो. आई एकदा धडपडली की मुलं दटावतात, "बोलू नकोस, नीट खाली बघून चाल." भर रस्त्यात, त्या क्षणी, हे अगदी बरोबर आहे. पण तोच घराचा कायमचा नियम झाला की आई मैत्रिणीबरोबर फिरायला जाणं सोडते, मग बाजार सोडते, मग देऊळ. पडायचा धसका आणि कमी होत गेलेली हालचाल एकमेकांना वाढवत नेतात, आणि जी क्षमता सरावाने राखता आली असती ती वापराविना जाते. पार्किन्सनच्या रुग्णांना तर कित्येक वर्षं दोन कामं एकदम करू नका असंच सांगितलं जायचं. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये १२१ रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, देखरेखीखाली सहा आठवडे सराव केल्यावर बोलता-विचार करतानाची त्यांची चाल सुधारली आणि पडण्याचा धोका लक्षणीय वाढला नाही. त्यात आणखी एक गोष्ट दिसली: चालण्याचा आणि डोक्याचा सराव वेगवेगळा करणाऱ्यांनाही तितकाच फायदा झाला. म्हणजे एकत्र सराव झेपतच नाही अशा माणसालाही वाट आहे.

एकट्याने आकडे मोजत खोलीत फेऱ्या मारणं कंटाळवाणं असतं, महिन्याभरात सुटतं. गटात, तालावर ते टिकतं. जिनिव्हात संगीतशिक्षक एमिल झाक-दालक्रोझ यांनी शतकापूर्वी बसवलेली पद्धत आहे: पियानोच्या सुरावर चालायचं, लय बदलली की चाल बदलायची, खूण मिळाली की हातात वेगळी हालचाल. तीच पासष्टीपुढच्या १३४ जणांवर वापरून पाहिली, आठवड्याला एक तास, सहा महिने. २०११ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात ज्यांनी वर्ग केला त्यांचं पडण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. जपानमधल्या ओबू इथल्या राष्ट्रीय वृद्धविज्ञान केंद्राने 'कॉग्निसाइझ' बसवलं; पावलं टाकत मोठ्याने आकडे मोजायचे आणि तीनच्या पटीला टाळी. सहज जमायला लागलं की नियम बदलायचा, कारण चुका होणं बंद झालं की मेंदूला करायला काही उरत नाही.

याने सगळं साधेल असं मी कुणाला सांगत नाही. झोपेच्या गोळ्या, उभं राहताच उतरणारा रक्तदाब, मोतीबिंदू, सैल चपला, ओली मोरी यांतलं काही असेल तर आधी ते पाहावं लागतं. मांड्यांत ताकद नसेल तर नुसत्या आकडेमोडीने पाय उचलत नाही. चक्कर येत असेल, गेल्या काही महिन्यांत पडणं झालं असेल, तर हा सराव घरी एकट्याने सुरू करू नये. बाकीच्यांनी एका हाताने ओटा धरून जागच्या जागी पावलं टाकावीत आणि उद्याच्या बाजाराची यादी मोठ्याने म्हणावी. तेवढं सहज व्हायला लागल्यावर हात सोडावा.

आणि ज्यांना वारकऱ्यांची पावली येते त्यांनी ती सोडू नये. हातात टाळ, तोंडात अभंग, पुढे-मागे ठरल्या चालीची पावलं, शेजारच्या माणसाशी मेळ, पखवाजाची लय दुप्पट झाली की पायांनीही दुप्पट व्हायचं. जिनिव्हाच्या वर्गात जे घडवून आणावं लागलं, ते दिंडीत वर्षानुवर्षं चालत आलं आहे. फरक एकच की ज्यांना पावली बालपणापासून येते त्यांच्यासाठी ती पाढ्यांसारखी मुरलेली असते. तिथे अभंग नवा किंवा चाल नवी हवी. आमच्या भागातल्या एका महिला भजनी मंडळाने पावली शिकायला होकार दिला आहे. बहुतेक जणी सत्तरीच्या आसपासच्या, आणि पावली आजवर कधीच न केलेल्या. दिवाळीनंतर सुरू करतोय: आधी तीन मीटरची चाचणी बोलत आणि न बोलता, मग आठवड्याला दोन दिवस पावली, आणि दर महिन्याला पुन्हा तीच चाचणी.