होडीतली घडीची सायकल

वाचकहो, सायकल जमिनीवर चालते आणि होडी पाण्यावर, हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. पण होडीच्या पोटात घडी घालून ठेवलेली सायकल मी पन्नाशी उलटल्यावर प्रथम पाहिली. २०२३ सालच्या जून महिन्यात रजा काढून मी नेदरलँड्सला भाच्याकडे गेलो होतो. तो तिकडे नोकरीनिमित्त स्थायिक झाला आहे, बायको तिथलीच आहे, आणि आठ वर्षांचा एक मुलगा आहे. त्यांच्याजवळ शिडाची एक होडी आहे. लांबी सव्वानऊ मीटर, आत झोपायला चार फळ्या, एक लहानसा गॅस आणि शेतातल्या पंपाच्या इंजिनासारखे फटफटणारे डिझेल इंजिन. सुट्टी आली की ही मंडळी संसार होडीत भरतात आणि या बंदरातून त्या बंदरात हिंडतात. "मामा, चार दिवस आमच्याबरोबर पाण्यावर चला," असा आग्रह झाला, म्हणून गेलो.

आम्ही होतो त्या प्रांताचे नाव फ्रीसलँड. तुमच्या गोठ्यात काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची एच. एफ. गाय असेल, तर त्यातला 'एफ' म्हणजे फ्रिजियन, म्हणजे याच मुलखातला. लेवार्डेन हे तिथले मुख्य शहर. तिथे १९५४ साली गाईचा एक मोठा पुतळा उभारलेला आहे आणि त्याला लोक 'उस मेम' म्हणतात, म्हणजे 'आमची आई'. मी त्या पुतळ्यासमोर उभा राहिलो आणि आपल्याकडच्या बेंदराची आठवण झाली.

या प्रांताच्या कडेला आयसेलमीर नावाचे अफाट गोडे पाणी पसरले आहे. पूर्वी ही समुद्राची खाडीच होती. १९३२ साली त्या लोकांनी तिच्या तोंडावर सुमारे बत्तीस किलोमीटर लांबीचा बांध घातला, आणि हळूहळू खारे पाणी गोडे झाले. बांधाच्या पलीकडे आजही खारा समुद्रच आहे. होड्या जलकपाटातून इकडून तिकडे जातात. हे खारे-गोडे लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

आता होडीत सायकल कशाला? मीही हेच विचारले. भाचा म्हणाला, "मामा, होडी धक्क्याला लागली की आपण पांगळे." आणि ते खरेच आहे. होड्या लावायची जागा बहुधा गावाच्या टोकाला. दुकान दोन किलोमीटर, रेल्वे स्टेशन तिसरीकडे, डिझेलचा कॅन आणायचा, गॅसची टाकी बदलायची, पाव-दूध आणायचे. पाठीवर ओझे घेऊन रोज कोण चालणार? साधी सायकल न्यावी तर ती ठेवायची कुठे? काही लोक ती होडीच्या कठड्याला बाहेरून बांधतात. पण होडी एका कुशीवर कलली की पाणी थेट सायकलवर येते, शिडाचे दोर हँडलात अडकतात, आणि वाऱ्याला नको तिथे अडथळा होतो. म्हणून ही घडीची सायकल. मधल्या दांड्याला बिजागरी असते, हँडल खाली मोडते, सीटची दांडी आत सरते, आणि सगळ्याचे गाठोडे होते. शिवाय त्या देशात घडी घातलेली सायकल रेल्वेत फुकट नेता येते. उघड्या सायकलला मात्र वेगळे तिकीट पडते आणि गर्दीच्या वेळी ती नेऊही देत नाहीत.

या घरात अशा दोन सायकली होत्या आणि दोघांच्या स्वभावाप्रमाणे दोन तऱ्हेच्या होत्या. भाच्याची ॲल्युमिनियमची, वीस इंची चाकांची. दुकानात त्याने ती चालवून पाहिली, झोकात चालली, किंमतही कमी, घेऊन आला. होडीवर आणल्यावर कळले की बसायच्या फळीखाली जो सामानाचा कप्पा आहे, त्याच्या तोंडातून ती जातच नाही! आत जागा भरपूर, पण तोंड अरुंद. कणगीत बैल घालण्यासारखाच प्रकार. एक पायडल काढून, हँडल तिरके करून कशीबशी कोंबावी लागते. सूनबाईने आधी त्या तोंडाचे माप पट्टीने घेतले आणि मग सायकल पाहायला गेली. तिची इंग्रजी बनावटीची ब्रॉम्प्टन, सोळा इंची चाकांची, पोलादी. लंडनच्या अँड्र्यू रिची नावाच्या इंजिनियरने १९७५-७६ च्या सुमारास तिचा पहिला नमुना आपल्या राहत्या घरात बनवला. समोरच्या ब्रॉम्प्टन नावाच्या चर्चवरून सायकलला नाव पडले. घडी घातल्यावर ती साधारण ५८ सेंटिमीटर लांब, ५७ उंच आणि २७ जाड, आणि चेन दोन चाकांच्या मध्ये झाकली जाते, म्हणून कपडे माखत नाहीत. वजन अकरा-बारा किलो. किंमत मात्र भाच्याच्या सायकलीच्या कितीतरी पट. यावरून दोघांत अधूनमधून वाद होई, आणि मी त्यात पडत नसे.

चाक लहान तर घडी लहान, पण खड्डा मोठा लागतो, हे ओघाने आलेच. विटांच्या रस्त्यावर सोळा इंची चाक चांगलेच दणके देते. बॅटरीच्या घडीच्या सायकलीही निघाल्या आहेत, पण अठरा-वीस किलोचे धूड डुलत्या होडीतून धक्क्यावर उचलून ठेवताना कंबर धरते. मी सांगतो तो अनुभव बिनबॅटरीचा.

आम्ही शुक्रवारी हिंडलोपेन गावाच्या बंदरातून निघालो. मोटार तिथेच ठेवली. पलीकडच्या काठावर एन्कहाउझेन नावाचे बियाण्यांच्या कंपन्यांसाठी प्रसिद्ध गाव आहे. तिथे माझा एक दिवस कसा गेला ते पुन्हा कधीतरी सांगेन. शनिवारी संध्याकाळी परत या काठाला, स्टाव्होरेन गावाला आलो. त्या बंदरावर एका बाईचा पुतळा पाण्याकडे पाहत उभा आहे. कथा अशी सांगतात की, ही बाई मोठी सावकारीण. तिने आपल्या तांडेलाला सांगितले, जगातली सर्वांत मोलाची वस्तू आण. तांडेल जगभर फिरला आणि गव्हाने भरलेले जहाज घेऊन आला. बाईला वाटले, आपली थट्टा केली. तिने सगळा गहू बंदरात ओतायला लावला. एकाने बजावले, बाई, तुझ्यावर भीक मागायची पाळी येईल. तेव्हा तिने बोटातली अंगठी पाण्यात फेकली आणि म्हणाली, ही परत आली तरच मी भिकारी होईन. पुढे ताटातल्या माशाच्या पोटात अंगठी निघाली आणि बाई खरोखरच दारिद्र्यात बुडाली. ही गोष्ट मी रात्री नातवाला माझ्या पद्धतीने, तिखटमीठ लावून सांगितली. त्या तांडेलाची बाजू मी जरा जास्तच घेतली हे कबूल करतो.

पहाटे पाचच्या सुमारास शिट्टीसारख्या आवाजाने जाग आली. पोराला दम लागला होता. त्याला दम्याचा त्रास आहे, ते मला ठाऊक होते. तोंडात घ्यायचा फवारा घेतला की पंधरा-वीस मिनिटांत छाती मोकळी होते. सूनबाईने औषधांची पिशवी शोधली. ती होडीवर नव्हतीच. मोटारीत राहिली होती.

आणि ती का राहिली, हे मला तत्काळ आठवले. हिंडलोपेनला सामान उतरवताना मी माझी चिवडा-लाडूंची पिशवी पुढे केली, आणि भाच्याच्या हातातली निळी लहान पिशवी "राहू दे, नंतर घेऊ" म्हणून मागच्या सीटवर ठेवायला लावली. मी काही बोललो नाही. बोलण्याची ती वेळही नव्हती.

सूनबाईने डॉक्टरांच्या रात्रपाळीला फोन लावला. त्यांनी सांगितले, मुलाला ताठ बसवा, फवारा लवकरात लवकर द्या, ओठ निळे पडले किंवा बोलता येईना तर लगेच रुग्णवाहिका बोलवा. मोटार नऊ-दहा किलोमीटरवर. रविवार असल्याने पहिल्या गाडीला अजून वेळ होता. होडीने जावे तर वारा उत्तरेचा, थेट तोंडावर, आणि आत आजारी पोर.

भाच्याने कप्पा उघडून आपली सायकल ओढली. वर नांगराचा ओला दोर पडलेला. मे महिन्यात ते बांधापलीकडे खाऱ्या समुद्रात जाऊन आले होते, तेव्हापासून सायकल तशीच आत पडून होती. चेन लाल झालेली, आणि सीटची दांडी खाली सरलेली ती वर येईना. दांडी पोलादी, चौकट ॲल्युमिनियमची. दोन वेगळ्या धातूंच्या फटीत खारे पाणी शिरले की ते एकमेकांना असे धरतात की वेल्डिंग केल्यासारखे. बिजागरीचा खटकाही अर्धाच बसला. तशा सायकलवर बसावे तर रस्त्यात मधेच घडी मिटायची.

तोवर सूनबाईने स्वतःची सायकल धक्क्यावर आणून उघडलीसुद्धा. अर्ध्या मिनिटाचे काम. तिची उंची सहा फुटांच्या आसपास, भाचा आपल्यासारखाच बेताचा, पण दांडी लोण्यासारखी खाली आली आणि भाचा निघाला.

पुढचा तास मी पोराच्या पाठीवर हात ठेवून बसलो. तो मधून मधून बोलत होता, त्याच्याकडेच माझे कान होते. "आजोबा, त्या बाईचा गहू मासे खातात का?" असे त्याने तुटक तुटक विचारले, तेव्हा जरा धीर आला. बोलता येते आहे ना, मग ठीक. पंचावन्नाव्या मिनिटाला मोटारीचा आवाज आला. जाताना समोरच्या वाऱ्यात पाऊण तास, येताना मोटारीने दहा मिनिटे. सायकल घडी होऊन मागे ठेवलेली. फवारा दिला, आणि थोड्या वेळाने पोर आईच्या कुशीत झोपले. निळ्या पिशवीची गोष्ट मी तेव्हा दोघांना सांगितली. भाचा म्हणाला, "मामा, पिशवी मी उचलायला हवी होती." सूनबाई काही म्हणाली नाही. तिने पिशवी होडीच्या दाराशी खुंटीला टांगली.

दिवसभर मग आम्ही त्या रुसलेल्या सायकलीच्या मागे लागलो. तुमच्यापैकी कुणी लोहाराला गाडीच्या चाकाला धाव चढवताना पाहिले असेल. लोखंड तापले की फुगते, मग बसते. इथे तेच ज्ञान उलटे वापरायचे. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. म्हणून आधी फटीत पातळ तेल सोडून तीन-चार तास मुरू दिले, मग किटलीभर उकळते पाणी चौकटीच्या नळीवर बाहेरून ओतले. मी चाके पायात धरली, भाच्याने सीट पिळली. तिसऱ्या किटलीला 'कट्' असा आवाज झाला आणि दांडी फिरली. नळीतून पांढरी भुकटी निघाली. ती पुसून दांडीला ग्रीस चोपडले. सूनबाईच्या सायकलीला मात्र आत प्लॅस्टिकची बाही आहे, तिथे ग्रीस लावायचे नसते, नाहीतर सीट घसरते. प्रत्येक सायकलीचा धर्म वेगळा.

सूनबाईचा रिवाज विचारून घेतला. खारे पाणी लागले की त्याच दिवशी गोड्या पाण्याने हलकेच धुवायची, पुसायची, चेनला तेल. आपण फवारणीचा पंप स्वच्छ पाण्याने धुऊन ठेवा म्हणतो ना, तसेच. सायकल हवाबंद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायची नाही, आत घाम धरून गंज जास्त चढतो. जाड कापडी पिशवी, खाली भोके. वर ओला दोर ठेवायचा नाही. आणि काम असो वा नसो, दर पंधरवड्याला सायकल बाहेर काढून उघडायची, खटके लावून पाहायचे, एक फेरी मारायची. धक्क्यावर देताना तिला आधी दोर बांधायचा, कारण हातातून सुटली तर तळाशीच. ॲमस्टरडॅम शहरात कालव्यांतून दरवर्षी बारा ते पंधरा हजार सायकली वर काढतात, हे ऐकून मी थक्क झालो.

दुपारी वारा पश्चिमेला फिरला आणि होडी हिंडलोपेनला आणली. पण आता मोटार स्टाव्होरेनला! मग भाचा आणि मी दोन्ही सायकली उघडून निघालो. मला त्याची वीस इंची मिळाली. नव्या नोकरीत सायकलवरून खेडी पालथी घातली होती, तरी त्या छोट्या चाकांवर हँडल पहिला मैलभर वासरासारखे वळत होते. उजव्या हाताला बांधाच्या उतारावर मेंढ्या, डाव्या हाताला कुरणात त्या ठिपक्यांच्या गाई. भाचा पुढून ओरडला, "मामा, सीट उंच पाहिजे का?" मी थांबलो, खटका सोडला आणि दांडी दोन बोटे वर घेतली.