टोपीखालची जखम

आमच्या धाकट्या बंधूंना टोपीची आवड कधीच नव्हती. तेव्हा ऐन वैशाखात, आदिलाबादच्या उन्हात भिंतीही तापलेल्या असताना, ते घरातसुद्धा टोपी उतरवीनात, त्याच वेळी आम्हांस शंका यावयास हवी होती.

दीड वर्षापूर्वी मोटारसायकलच्या अपघातात त्यांच्या डोक्यास जबर मार बसला. सुजलेल्या मेंदूस जागा मिळावी म्हणून शल्यवैद्यांनी कवटीचा तुकडा काढला व काही महिन्यांनी तेथे टायटेनियमची जाळी बसविली. जखम भरली, केस आले. संकट टळले असे आम्ही मानले.

एका दुपारी ते निजले असता टोपी घसरली. जुन्या व्रणाशेजारी तांदळाच्या दाण्याएवढे काही चकाकत होते. "भावजी, हे काय लपवलंत?" आमच्या सौभाग्यवतींचा स्वर कापत होता. बंधूंना ते तीन आठवडे ठाऊक होते. दुखत नव्हते; शिवाय पहिल्या शस्त्रक्रियेचे कर्ज फिटायचे होते. म्हणून ते रोज हळद दाबून टोपी घालीत.

दुसऱ्याच दिवशी पैनगंगा ओलांडून आम्ही नागपूर गाठले. वास्तविक आदिलाबादेस २००८ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. निदान पहिली तपासणी गावातच वेळेवर झाली असती.

नागपूरच्या डॉक्टरांनी समजाविले, "धातूला रक्तपुरवठा नसतो. तो उघडा पडला की जंतू त्यावर चिकट थर धरून बसतात व औषधास दाद देत नाहीत. मलमाने कातडी त्यावर धरत नाही; ओढून टाके घातले तर पुन्हा उसवते. आणि आत मेंदू फार दूर नाही!" जखम लहान व निर्जंतुक असेल तर कधी कधी जाळी वाचविता येते. येथे मात्र पू झाला होता. जाळी काढावी लागली. शेजारची कातडी तिच्या रक्तवाहिनीसह फिरवून जखम झाकली आणि कित्येक आठवडे प्रतिजैविके चालली.

ही युक्ती आपल्या पुण्यासही जुनीच. टिपूच्या सैनिकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला तेथील एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून नवे नाक दिले. कातडीचा देठ तेवढा जोडलेला ठेवला, कारण त्यातूनच तिला रक्त मिळे. ती हकीकत १७९४ साली लंडनच्या मासिकात छापली गेली. झाकणारे आवरण जिवंत हवे, हेच त्यातील मर्म. आमची हळद ते कोठून देणार?

पुढे कित्येक महिने बंधू हाडावाचून राहिले. पलंगावरून उतरतानाही शिरस्त्राण घालावे लागे. मग नवी जाळी बसली. कर्ज मात्र दुप्पट झाले.

वाचकहो, कवटीत असे काही बसविलेले माणूस आपल्या घरी असेल तर दर आठवड्यास त्याचे डोके उजेडात पाहावे. कातडी पातळ वा लाल झाली, पाणी झिरपले, ताप आला, तर त्याच दिवशी शल्यवैद्यांकडे जावे. आमच्या बंधूंनी जखम लपविली खरी. पण खर्चाची कुरकुर त्यांच्या कानांवर आम्हीच घातली होती.